आजीची सवायकी, नातवाचा दशांश

मुलांनो, चार आणे म्हणजे पंचवीस पैसे, हे तुम्ही चटकन सांगाल. मग एक आणा म्हणजे किती?

नांदेड-लातूरकडच्या जुन्या माणसांना नाण्यांची अदलाबदल नवी नव्हती. निजामाच्या राज्यात तिकडे हाली सिक्का चाले. सात हाली रुपयांचे कलदार सहाच. रुपयाचे आणे मात्र दोन्हींकडे सोळा. मग १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली आणि रुपयाचे १०० नवे पैसे झाले.

आता १०० ला १६ ने भागा. उत्तर ६.२५. पण पाव पैशाचे नाणे कोठून आणणार? म्हणून नियम असा ठरला, की अर्ध्यापर्यंतचा अपूर्णांक सोडायचा, त्याहून अधिक असल्यास पुढचा पूर्ण पैसा धरायचा. त्यामुळे एका आण्याचे ६, दोहोंचे १२, तिहींचे १९ आणि चारांचे २५ पैसे झाले.

समजा, लातूरच्या बाजारात आजीने चार दुकानांत एकेक आणा मोडला. हाती आले चोवीस! एक पैसा कोणी खाल्ला? आजी भांडायला निघाली, तेवढ्यात शाळकरी नातवाने पाटीवर ६.२५ लिहिले. आजीला दशांशचिन्ह ठाऊक नव्हते, पण पावकी, सवायकी तोंडपाठ. "अरे, हे तर सव्वासहा!" दर दुकानात पाव पैसा सुटला होता. चारही आणे एकदम मोडले असते, तर पंचवीस मिळाले असते.

आणि तीन आणे एकदम मोडले, तर फायदा कोणाचा? काढा पाटी.