इंग्रजी अध्यापन, नांदेड व लातूर येथील
मराठवाड्यातील नांदेड व लातूर या जिल्ह्यांत महाविद्यालयीन व विद्यापीठीय स्तरांवर चालणारे इंग्रजी भाषा व साहित्य यांचे अध्यापन. मुंबई-पुण्याकडे इंग्रजी ही एकोणिसाव्या शतकापासून उच्च शिक्षणाची भाषा होती. निजामाच्या हैदराबाद संस्थानात मोडणाऱ्या या प्रदेशाचा अनुभव निराळा आहे. १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यम उर्दू होते व इंग्रजी हा सक्तीचा विषय होता. मराठी विद्यार्थ्याला घरी न बोलल्या जाणाऱ्या एका भाषेतून दुसरी तशीच भाषा शिकावी लागे. सप्टेंबर १९४८ मध्ये निजामाची राजवट संपुष्टात आली आणि लवकरच उस्मानियाचे माध्यम इंग्रजी झाले.

या संक्रमणकाळातच स्वामी रामानंद तीर्थ यांच्या प्रेरणेने नांदेडला पीपल्स कॉलेज (१९५०) निघाले. लातूरला दयानंद (१९६१) व राजर्षी शाहू (१९७०) ही महाविद्यालये पुढे आली. १९५८ मध्ये औरंगाबाद येथे मराठवाडा विद्यापीठ व १९९४ मध्ये नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले.

कला व वाणिज्य शाखांत मराठी माध्यम रूढ झाल्यावर इंग्रजी हा एक विषय तेवढा उरला; परंतु तोच निर्णायक ठरला. इतर विषयांत उत्तीर्ण झालेल्या अनेकांची ‘इंग्रजी राहते’ आणि पदवी अडते. वर्गात अध्यापक धडा वाचतो, वाक्यावाक्याचा अर्थ मराठीत सांगतो व व्याकरणाचे नियम लिहून देतो. या पद्धतीची थट्टा होते, ती सर्वस्वी न्याय्य नाही. ग्रामीण शाळेतून आलेल्या विद्यार्थ्याला मराठीखेरीज दुसरा आधार नसतो. दोष आहे तो परीक्षेचा : ती प्रामुख्याने लेखनाची असल्याने श्रवण व संभाषण मागे पडतात आणि मार्गदर्शकांतील तयार उत्तरांवर काम भागते. राज्यात २००० पासून पहिलीपासूनच इंग्रजी सुरू झाली, तरी प्रशिक्षित शिक्षकांची उणीव त्यामुळे भरून निघाली नाही. लातूरची ख्याती विज्ञान शाखेच्या निकालांसाठी असून तिचा साहित्याच्या अध्ययनाशी फारसा संबंध नाही.

साहित्याचा विशेष अभ्यास प्रारंभी शेक्सपिअर, मिल्टन, वर्ड्‌स्वर्थ असा ब्रिटिश परंपरेचाच होता. हार्डीच्या कादंबऱ्यांतील शेतमजूर व नियतीशी झगडणारी खेडी येथील विद्यार्थ्याला त्यामानाने जवळची वाटावीत. पुढे अमेरिकन साहित्य व भारतीय इंग्रजी लेखन अभ्यासक्रमांत आले. हैदराबादचे अमेरिकन अध्ययन संशोधन केंद्र (१९६४) या प्रदेशास जवळचे होते. अमेरिकेत अध्ययन केलेले इंग्रजीचे प्राध्यापक म. ना. वानखेडे यांनी औरंगाबादेत निग्रो साहित्याच्या संदर्भात दलित साहित्याचा विचार मांडला. इंग्रजी अध्यापनातून मराठी वाङ्मयाला मिळालेली ही बहुधा सर्वांत मोलाची देणगी होय. त्यानंतर दलित आत्मकथनांची इंग्रजी भाषांतरेही भारतीय विद्यापीठांत पाठ्यग्रंथ झाली. येथील वर्गात ती शिकविताना मूळ मराठीतला अनुभव इंग्रजीत वाचून पुन्हा मराठीतच समजावून द्यावा लागतो.