मारलेल्या जनावराचे पुढे काय?

जुलै २०२२ मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात एक २९ वर्षांचा तरुण रुग्णालयात दाखल झाला. ताप, स्नायूंमध्ये असह्य वेदना, डोळ्यांभोवती सूज आणि रक्तात ‘इओसिनोफिल’ या पांढऱ्या पेशी भरमसाट वाढलेल्या. १७ दिवसांत रुग्णालयात भरती होण्याची त्याची ही दुसरी वेळ होती. थोडे खोदून विचारल्यावर कळले, की काही दिवसांपूर्वी तो साउथ डकोटात एका कौटुंबिक स्नेहसंमेलनाला गेला होता आणि तिथे अस्वलाच्या मांसाचे कबाब झाले होते.

अस्वल कॅनडातल्या सस्कॅचवानमध्ये मारलेले होते. मांस ४५ दिवस फ्रीझरमध्ये ठेवून मग शिजवले होते. अस्वलाचे मांस मुळातच गडद रंगाचे असते, त्यामुळे ते शिजले की नाही हे नुसते बघून कळत नाही. पहिल्या घासांनंतर ते कच्चट असल्याचे लक्षात आले, पुन्हा भाजले गेले, पण तोवर उशीर झाला होता. ज्या आठ नातेवाइकांची माहिती मिळाली, त्यांतले सहा जण आजारी पडले. त्यांतल्या दोघांनी मांसाला हातही लावला नव्हता. त्यांनी फक्त त्या मांसाबरोबर शिजलेल्या भाज्या खाल्ल्या होत्या. उरलेले मांस पुढे तपासले, तेव्हा गोठवून ११० दिवस होऊन गेले होते, तरी त्यात अळ्या वळवळत होत्या. ट्रायकिनेला नावाच्या कृमीच्या या अळ्या.

या कुटुंबाने काही वावगे केले नव्हते. उलट अमेरिकेतला शिकारी ज्याला सद्वर्तन समजतो तेच केले होते: मारलेले जनावर जंगलात सडायला न टाकता घरी आणले आणि चार माणसांत वाटून खाल्ले. तिथल्या कायद्याची दिशाही तीच आहे.

अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत शिकारीच्या कायद्यात ‘वॉन्टन वेस्ट’ नावाचे कलम असते. मुद्दाम किंवा बेफिकिरीने केलेली नासाडी असा त्याचा अर्थ. खाण्याजोगे जनावर मारून त्याचे मांस टाकून दिले, तर तो गुन्हा. यामागे एक जुनी जखम आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतल्या माळरानांवर बायसन, म्हणजे तिथले रानरेडे, लाखोंनी मारले गेले. कातडे काढायचे, फार तर जीभ कापून घ्यायची आणि बाकीचे धूड तिथेच सोडायचे. कधीकाळी कोटींमध्ये असलेली ही जनावरे १८८९ पर्यंत हजाराच्या आसपास उरली. १८७४ मध्ये बायसनच्या रक्षणाचे विधेयक संसदेने मंजूर केले होते, पण राष्ट्राध्यक्ष ग्रँट यांनी त्यावर सही केली नाही.

आज या बाबतीत अलास्काचा कायदा कडक समजला जातो. मूस, कॅरिबू, डोंगरी मेंढा, हरीण, बायसन अशा जनावरांचे कोणते मांस उचललेच पाहिजे, हे तिथे शरीररचनेच्या पुस्तकात शोभेल इतक्या बारकाईने लिहिले आहे: मान, छाती, बरगड्यांवरचे मांस, पाठीच्या कण्यालगतचे मांस, पुढचे पाय गुडघ्यापर्यंत, मागचे पाय घोट्याच्या सांध्यापर्यंत. मांस बाहेर काढल्याशिवाय शिंगे हलवता येत नाहीत. शिंगांसाठी मूस मारून मांस तिथेच टाकणाऱ्याला मोठा दंड आणि एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते.

या यादीत लांडगा नाही. तपकिरी अस्वलही नाही. त्यांचे कातडे घेतले (अस्वलाच्या बाबतीत कवटीही) की कायद्याचे समाधान होते. काळ्या अस्वलाचा नियम तर ऋतूप्रमाणे बदलतो. अनेक भागांत वर्षाच्या सुरुवातीपासून मे अखेरपर्यंत मारलेल्या अस्वलाचे मांस उचलणे सक्तीचे, पुढे मात्र सूट. कारण साधे आहे. वसंतात गुहेतून बाहेर आलेले अस्वल पालापाचोळा खाते, तेव्हा त्याचे मांस चवीला बरे असते. उन्हाळ्यात साल्मन मासे खाऊन त्याला वास येतो, अशी शिकाऱ्यांची तक्रार. कायद्याने इथे जिभेचे ऐकले आहे. ट्रायकिनेलाच्या अळीला मात्र मे आणि ऑगस्ट सारखेच.

लांडग्याचा छोटा भाऊबंद असलेला कोयोटी तर बहुतेक राज्यांत या नियमांच्या बाहेरच असतो. गोळी घालावी आणि पुढे चालू लागावे, कोणी विचारत नाही. किती कोयोटी मारले यावर बक्षिसे देणाऱ्या स्पर्धाही अनेक ठिकाणी भरत आल्या आहेत. कॅलिफोर्नियाने २०१४ मध्ये अशा बक्षिसांवर बंदी घातली, पुढे आणखी काही राज्यांनीही तेच केले. मॅसॅच्युसेट्सने २०१९ मध्ये स्पर्धा बंद करतानाच नासाडीचा नियमही या प्राण्यांपर्यंत आणला. मांस खायचे नसेल तर निदान कातडे तरी वापरा, असा त्याचा रोख आहे.

शिकारी प्राण्यांना ही सूट का? आरोग्याच्या काळजीपोटी असे कोणी म्हणेल, पण ते खरे नाही. लांडगा आणि कोयोटी हे मेंढपाळांचे शत्रू. त्यांना मारणाऱ्याला सरकारच इनाम देत असे. उपद्रवी ठरवलेल्या जनावराच्या नासाडीबद्दल कोणाला वाईट वाटत नाही. ही सूट द्वेषातून आणि चवीतून आलेली आहे. गंमत अशी, की रोगशास्त्रानेही वेगळ्या कारणाने जवळपास तीच रेघ ओढली असती.

ट्रायकिनेला एका जनावराच्या स्नायूतून दुसऱ्याच्या पोटात जाते, म्हणजे मांस खाल्ल्याशिवाय तिचा प्रवास होत नाही. अळी स्नायूच्या पेशीत घर करून बसते. ते मांस पोटात गेले की जठररस ते घर फोडतो, लहान आतड्यात कृमी मोठ्या होतात, पिल्ले घालतात आणि ती पिल्ले रक्तावाटे नव्या शरीराच्या स्नायूंत शिरतात. सुरुवातीला जुलाब-उलट्या, मग ताप, अंगदुखी, सुजलेले डोळे. बहुतेक रुग्ण बरे होतात, पण अळ्यांनी हृदयाच्या स्नायूला किंवा मेंदूला इजा केली तर जीवही जातो. गवत खाणाऱ्या हरणात ही अळी क्वचित. जे दुसऱ्याला खातात किंवा मेलेले खातात, त्या अस्वल, लांडगा, रानडुक्कर यांच्यात ती साचत जाते. पाळीव डुकरांची निगा सुधारल्यापासून अमेरिकेत या रोगाचे बहुतेक रुग्ण रानटी मांसाचे, त्यातही अस्वलाचे असतात. थंड प्रदेशातल्या ट्रायकिनेला नेटिव्हा या जातीला फ्रीझरची थंडी बाधत नाही, आणि साउथ डकोटात घोळ झाला तो तिच्यामुळेच.

मग हरीण तरी निर्धोक का? तिथे दुसरीच अडचण निघाली. २००८ मध्ये नॉर्थ डकोटात एका डॉक्टरने गरिबांच्या अन्नछत्रांना शिकाऱ्यांनी दान केलेल्या हरणाच्या खिम्याची सुमारे शंभर पाकिटे क्ष-किरणांखाली धरली. निम्म्याहून अधिक पाकिटांत धातूचे कण दिसले. हे कण होते शिशाचे. वेगाने शिरलेली शिशाची गोळी हाडावर फुटते आणि जखमेपासून दूरवर बारीक चुरा उडतो. तो डोळ्यांना दिसत नाही, दातांना लागत नाही. राज्याने अन्नछत्रांना ते मांस टाकून देण्यास सांगितले. नासाडीविरोधी कायद्याच्या देशात दानाचे मांस सरकारच्याच सल्ल्याने कचऱ्यात गेले. नंतर राज्यातल्या ७३८ लोकांचे रक्त तपासले गेले. रानटी मांस खाणाऱ्यांच्या रक्तात शिसे थोडे जास्त सापडले, डेसिलिटरमागे सरासरी ०.३० मायक्रोग्रॅमने. मोठ्या माणसासाठी हा फरक किरकोळ आहे. गर्भवती आणि लहान मुलांच्या बाबतीत मात्र शिशाची कोणतीही सुरक्षित पातळी वैद्यकशास्त्राला माहीत नाही.

मांस घरी आणले तरी आतडी-कोथळा शिकारी जागेवरच टाकतो, आणि त्याला कायद्याची हरकत नसते. त्यातही शिशाचा चुरा असतो. कॅलिफोर्निया कॉंडॉर हे प्रचंड गिधाड अशाच अवशेषांवर जगते. १९८२ मध्ये जगात ही २२ उरली होती. सगळी पकडून, वाढवून १९९२ पासून पुन्हा सोडण्यात आली, तरी मोकळ्या कॉंडॉरच्या मृत्यूंमध्ये शिशाची विषबाधा हेच सर्वांत मोठे कारण राहिले. अखेर कॅलिफोर्नियाने १ जुलै २०१९ पासून शिकारीसाठी शिशाच्या गोळ्यांवर पूर्ण बंदी आणली. तांब्याच्या गोळ्या मिळतात आणि त्या सहसा फुटत नाहीत. ‘गोळी घालावी आणि पुढे चालू लागावे’ हा कोयोटीबाबतचा रिवाज इथे आणखी खटकतो, कारण तिथे अख्खे धूडच गिधाडे, गरुड आणि कुत्र्यांसाठी मागे राहते.

तिसरी गोष्ट ‘क्रॉनिक वेस्टिंग डिसीज’. १९६७ मध्ये कोलोरॅडोतल्या बंदिस्त हरणांत हा रोग प्रथम दिसला आणि आता तो अमेरिकेच्या बऱ्याच राज्यांत पसरला आहे. हरीण खंगत जाऊन मरते. कारण प्रायॉन, म्हणजे चुकीची घडी पडलेले प्रथिन. ना जिवाणू, ना विषाणू, त्यामुळे शिजवून तो मरत नाही. माणसाला हा रोग झाल्याचे आजवर सिद्ध झालेले नाही, पण ‘मॅड काऊ’चा अनुभव ताजा असल्याने बाधित हरणाचे मांस खाऊ नये असाच आरोग्य यंत्रणांचा सल्ला आहे. विस्कॉन्सिनमध्ये शिकाऱ्यांना ही तपासणी मोफत करून मिळते आणि सांगाडे रानात न टाकता नीट जमा व्हावेत म्हणून मोठ्या कचरापेट्या ‘दत्तक’ घेण्याची योजनाही आहे. अशा वेळी टाकून देणे हाच जबाबदार वापर ठरतो. जुन्या कायद्यांच्या मनात नासाडीची ही व्याख्या नव्हती.

भारतात प्रश्न उलट्या बाजूने येतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारच बंद आहे. पिकांची नासधूस करणारे रानडुक्कर परवानगीने मारले, तरी कलम ३९ नुसार ते सरकारची मालमत्ता होते. ते खायचे नाही, त्याची विल्हेवाट लावायची. एवढे मांस पुरून टाकताना गावकऱ्याला वाईट वाटणे समजू शकते, पण उत्तराखंडात सामायिक जेवणात वाटून खाल्लेल्या रानडुकराच्या मांसाने ट्रायकिनेलाची साथ आली आणि तिच्यात माणसे दगावली, हे वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेले आहे. चोरून केलेल्या शिकारीच्या वाट्याची तपासणी कोणी करत नाही, आणि रुग्णालयात आल्यावर रुग्ण काय खाल्ले ते सांगत नाही. ताप, अंगदुखी, सुजलेले डोळे आणि वाढलेले इओसिनोफिल एकत्र दिसले, तर हा प्रश्न पोलिसी आवाजात न विचारता रुग्णाला विचारायला हवा. वेळेत निदान झाले तर अल्बेंडाझोलसारखे साधे औषध उपयोगी पडते. अळ्या स्नायूंत जाऊन बसल्यावर त्याचा फायदा कमी होत जातो.

अमेरिकेत राहणाऱ्या मराठी घरांतही शेजाऱ्याने किंवा कचेरीतल्या सहकाऱ्याने प्रेमाने दिलेले हरणाचे वा अस्वलाचे मांस कधीतरी येते. ते घेताना तीन गोष्टी विचाराव्यात: जनावर कुठले, गोळी शिशाची होती का, आणि हरीण असेल तर प्रायॉनची तपासणी झाली का. गोळी लागलेल्या भागाचा खिमा लहान मुलांना देऊ नये. अस्वल असेल तर रंगावर, फ्रीझरवर किंवा अंदाजावर न जाता मांसाच्या मधोमध थर्मामीटर खुपसावा आणि काटा ७४ अंश सेल्सिअसवर जाईपर्यंत शिजवावे. कच्च्या मांसाची सुरी आणि पाट कोशिंबिरीला वापरू नये, आणि त्याच सळईवर भाज्या ओवू नयेत.