खडक चढणारी रिमोटची गाडी आणि तिचे टायर

हल्ली मुलांच्या हाती रिमोटची एक निराळीच गाडी दिसू लागली आहे. ती पळत नाही, रांगते. दगडाला पुढचे चाक लावते, तोल सांभाळत वर चढते आणि पलीकडे उतरते. तिला क्रॉलर म्हणतात. आमच्या इंदिरानगरात सुट्टीच्या दिवशी एखाद्या मोकळ्या प्लॉटवर, बांधकामाच्या दगडांच्या ढिगावर मुले ती चढवत असतात आणि पहिली पाळी करून आलेले चार बाप भोवती उकिडवे बसून सल्ला देत असतात. शेजारच्या मुलाची गाडी चढली आणि आपली घसरली, की त्या संध्याकाळी घरात एकच घोषणा होते: "पप्पा, मला नवीन टायर पाहिजेत."

येथेच पालकांची पंचाईत होते. मोठ्या आकाराच्या, म्हणजे खऱ्या गाडीच्या एक दशांश मापाच्या क्रॉलरसाठी बाहेरदेशी मऊ टायरचा संच घ्यायचा तर किंमत हजारांत जाते. कंत्राटी कामगाराच्या घरात तेवढ्यात क्लासची फी निघते. नाही म्हटले तर पोर हिरमुसते, हो म्हटले तर महिन्याचा मेळ बिघडतो. आमचे म्हणणे असे, की बहुतेक वेळा नवीन टायर घ्यायची गरजच नसते. असलेल्या टायरच्या आत काय आहे ते पाहावे. आपल्या घरांतून सातपूर-अंबडला यंत्रावर काम करणारी माणसे आहेत. त्यांना हे काम मुळीच अवघड नाही. सातपूरला तर सीएटचा टायरचा कारखानाच आहे. रबराशी नाशिककरांची ओळख नवी नव्हे.

टायर मुळात लहान मुलासाठीच सुधारला गेला, हे पुष्कळांना ठाऊक नसेल. बेलफास्टमध्ये जॉन बॉइड डनलॉप नावाचा जनावरांचा डॉक्टर होता. त्याच्या मुलाची तीनचाकी सायकल टणक चाकांमुळे रस्त्यावर दणके खाई. म्हणून त्याने हवा भरलेली रबरी नळी चाकाला बसवून पाहिली आणि १८८८ साली तिचे पेटंट घेतले. (तशी कल्पना रॉबर्ट थॉमसन याने त्याआधी चाळीसएक वर्षे मांडली होती, पण ती बाजारात रुजली नाही.)

हवेचे काम काय? टायर दबला की जमिनीला त्याचा जास्त भाग टेकतो. डोंगरात जीप नेणारे चालक म्हणूनच टायरमधली थोडी हवा सोडतात. टायर पसरतो आणि दगडाला बिलगतो. क्रॉलरच्या टायरमध्ये मात्र दाबाची हवा नसते. त्याच्या पोटात फोमची कडी असते, आणि आतली साधी हवा बाहेर पडावी म्हणून रिमला बारीक भोक असते. हे भोक चिखलाने किंवा गोंदाने बुजले, तर टायर फुग्यासारखा ताठ राहतो आणि दगडावरून उडतो. तेव्हा पैसे काढण्याआधी हे भोक पाहावे. पुष्कळदा दुखणे तिथेच असते.

आता फोम. स्वस्त गाडीत तो एकतर फार कडक असतो किंवा मुळीच नसतो. नसेल तर टायर आडव्या उतारावर एका बाजूला मुडपतो आणि गाडी कोलांटी खाते. फार कडक असेल तर टायर दबतच नाही. जाणते लोक दोन थर वापरतात: आतली कडी घट्ट फोमची, बाहेरची मऊ. घट्ट फोम म्हणजे टीव्ही-फ्रिजच्या खोक्यात येतो तो पांढरा, पाणी न शोषणारा, वाकणारा पत्रा. थर्माकोल नव्हे, तो चुरतो. मऊ फोम गादीवाल्याकडे कातरणीत मिळतो. आतली कडी रिमवर बसेल अशी कापावी, वरची टायरच्या आतल्या पोकळीपेक्षा किंचित मोठी. मग गाडी टायरवर उभी करावी. टायरची बाजू खाली थोडी फुगलेली दिसली, पण रिमची कड जमिनीला टेकायच्या बेतात नसली, म्हणजे जमले. अजून ताठ वाटला तर कात्रीने फोमच्या बाहेरच्या कडेला त्रिकोणी खाचा द्याव्यात. एकदम पुष्कळ कापू नये. कापलेला फोम परत जोडता येत नाही.

टायर उघडायचा कसा, हा प्रश्न राहिला. चांगल्या रिमला बाहेरून स्क्रूने आवळायची कडी असते. ती खोलली की टायर हातात. साध्या रिमला टायर चिकटवलेला असतो. तो उकळत्या पाण्यात काही मिनिटे ठेवला की गोंद सैल पडतो. हे काम मोठ्यांनी करावे, खिडकी उघडी ठेवावी आणि आमच्या भगिनींच्या वतीने सांगतो, भांडे स्वयंपाकातले घेऊ नये. परत चिकटवायला फेविक्विकचे चार थेंब पुरतात. थेंब डोळ्यांत उडणार नाही इतके जपावे.

रबराचा मऊपणा ही मात्र विकतचीच गोष्ट आहे. कडक रबर घरी मऊ होत नाही. पेट्रोल-रॉकेल लावून तो मऊ करण्याचा उद्योग काही मुले करतात; त्याने रबर फुगतो, चिरतो आणि आगीचे भय वेगळे. कडक टायरच्या नक्षीतल्या मोठ्या ठोकळ्यांना धारदार पातीने आडव्या बारीक चिरा दिल्या, तर ठोकळे वाकू लागतात आणि दगडाची कड पकडतात. पाते मोठ्यांच्या हाती असावे, मुलाने रेघा आखून द्याव्यात. पावसाळ्यातल्या काळ्या मातीत उलट दूरदूर ठोकळ्यांची नक्षी बरी, नाहीतर माती मध्येच अडकून चाकाचा गुळगुळीत लाडू होतो. आपला काळा खडक खरखरीत असतो. फार मऊ रबर त्यावर लवकर झिजतो, हेही ध्यानात असू द्यावे.

राहिले वजन. चढावर गाडीचा भार मागच्या चाकांवर सरकतो, पुढची चाके हलकी होतात आणि गाडी उताणी पडते. म्हणून पुढच्या दोन चाकांत, रिमला चिकटून, वजन घालतात. ते खाली असल्याने गाडीचा तोलही सावरतो. एक दशांश मापाच्या गाडीला दर पुढच्या चाकात ३० ग्रॅमपासून सुरुवात करावी. तळहातावर मावणाऱ्या छोट्या गाडीला ५ ग्रॅम पुष्कळ. चाकांचे बॅलन्सिंग करणाऱ्याकडे चिकटपट्टीची वजने मिळतात. ती पोलादाची मागावीत. शिसे मुलांच्या हाती देऊ नये, ते विषारी असते. वजन वाढवत नेले तर चाके वळवणारी छोटी मोटर आणि दाते त्याचा भार सोसत नाहीत, तेथे थांबावे.

यातले काय उपयोगी पडले हे दुकानदाराच्या किंवा मोबाइलवरच्या व्हिडिओच्या सांगण्यावरून ठरवू नये. कालामांना तथागतांनी जे सांगितले ते आपण वंदनेच्या वेळी ऐकतो. ते दगडावरही लागू पडते. १०० सेंटिमीटर लांबीची फळी घ्यावी, वर खरखरीत पॉलिश पेपर चिकटवावा आणि एक टोक विटांवर उचलत जावे. गाडी घसरू लागेल तेव्हा त्या टोकाची उंची मोजून वहीत लिहावी. उंची ५० भरली तर चढ ३० अंशांचा, ७१ च्या जवळ भरली तर ४५ अंशांचा. दहावीतल्या मुलीला यात त्रिकोणमिती आपोआप भेटते. एका वेळी एकच गोष्ट बदलावी: आज फोम, उद्या वजन. दोन्ही एकदम बदलले तर गुण कोणाचा हे कळत नाही. टायर किती टेकतो हे पाहायला चाक ओले करून गाडी कागदावर ठेवावी, ठसा उमटतो. कागद रद्दीचा घ्यावा. आपल्या अंकात बाबासाहेबांचे छायाचित्र असते, तो अंक जपून ठेवावा.

गाडी कोठे चालवावी याविषयीही लिहिणे भाग आहे. त्रिरश्मीचा डोंगर आपल्याला जवळ, आणि तेथील खडक पाहून मुलांचे हात शिवशिवतात. लेण्यांच्या पायऱ्यांवर, ओट्यांवर, लेण्यांभोवतीच्या कातळावर गाडी नेऊ नये. ते संरक्षित स्मारक आहे आणि आपले तर श्रद्धास्थान. मुलांना तेथे गाडीविना न्यावे आणि एक शिलालेख दाखवावा. आभीर राजा ईश्वरसेनाच्या काळातला तो लेख आहे. विष्णुदत्ता नावाच्या उपासिकेने आजारी भिक्खूंच्या औषधासाठी दान दिले आणि ती रक्कम कारागिरांच्या श्रेणींकडे ठेव म्हणून ठेवली. त्या श्रेणींत तेल गाळणारे होते आणि पाण्याची यंत्रे बनवणारेही होते. यंत्रावर हात चालवणाऱ्या माणसांचे नाव त्या दगडावर सतराशेहून अधिक वर्षे टिकले आहे. ते वाचल्यावर गाडीचे चाक तेथे लावावेसे कोणाला वाटेल असे आम्हांला वाटत नाही.

चालवून झाल्यावर टायर साबणाच्या पाण्याने धुवावेत. मऊ रबरावर धुळीचा थर बसला की निम्मी पकड जाते, आणि मुलाला वाटते टायर संपले. चकचकीत करणारे पॉलिश लावू नये, त्याने टायर निसरडा होतो. पाण्यातून गाडी नेली असेल तर फोम पाणी पितो आणि चाक जड होते. अशा वेळी टायरच्या मधल्या पट्ट्यात, ठोकळ्यांच्या मधोमध, समोरासमोर तीन मिलिमीटरची दोन भोके पाडावीत. गाडी फिरताना पाणी तिथून उडून जाते. उन्हाळ्यात गाडी गच्चीवर तापत ठेवू नये, बॅटरी काढून सावलीत ठेवावी. थंडीत नाशिकला पहाटे पारा दहाच्या खाली जातो, तेव्हा रबर ताठरतो. अशा सकाळी गाडी नेहमीच्या चढावर घसरली तर टायरला दोष देण्याआधी ऊन वर येईपर्यंत थांबावे.