एक दिवस, एक दालन

मुलाबाळांकडे परदेशी गेलेल्या ज्येष्ठांचे दिवस बहुधा दोन टोकांना जातात. एक तर आठवड्यात सारे शहर पाहून टाकण्याची धावपळ, नाही तर खिडकीपाशी बसून मुले कामावरून परतण्याची प्रतीक्षा. या दोहोंमध्ये एक निवांत वाट असते. आम्हाला ती सापडली, पण एका धक्क्यानंतर.

मागे एका उन्हाळ्यात वडिलांना घेऊन मी गडचिरोलीहून लंडनला, भावाकडे गेले. बाबा निवृत्त शिक्षक, वय 74. रक्तदाब, मधुमेह आणि कुरकुरणारे गुडघे हे त्यांचे जुने सोबती. पहिल्या दोन दिवसांत आम्ही त्यांना पाच ठिकाणे दाखवली. तिसऱ्या दिवशी भुयारी रेल्वेचा जिना चढताना त्यांना भोवळ आली. कठडा हाती होता म्हणून निभावले. त्या संध्याकाळी ते म्हणाले, “उद्यापासून तुम्हीच जा. मला घरीच बरे.” बऱ्याच वेळाने खरे कारण बाहेर आले. परक्या शहरात शौचालय कोठे सापडेल याची धास्ती आणि मुलांना वारंवार विचारण्याचा संकोच, यांपायी त्यांनी पाणी पिणेच सोडले होते.

वयाबरोबर तहानेची जाणीव मंदावते. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी लघवीचे प्रमाणही वाढते. शरीरात पाणी कमी पडले की उभे राहताच रक्तदाब घसरतो आणि तोल जातो. त्यामुळे दिवसाची आखणी प्रेक्षणीय स्थळांपासून नव्हे, तर शौचालय, बसायला बाक आणि जेवणाची वेळ यांपासून सुरू करावी, हा आमचा पहिला धडा. विचारण्याची वेळ ज्येष्ठांवर येऊ देऊ नये. पोहोचताच आपणच जागा दाखवून ठेवावी.

मग नियम ठरला: एका दिवशी एकच ठिकाण आणि त्यातही एकच दालन. ब्रिटिश म्युझियम, नॅचरल हिस्ट्री म्युझियम आणि व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम येथील कायमस्वरूपी संग्रह विनामूल्य पाहता येतात. त्यामुळे तिकिटाचे पैसे वसूल करण्याची घाई उरत नाही. थकवा आला की परतावे, वाटल्यास उद्या पुन्हा यावे. जिन्यांची भुयारी रेल्वे टाळून आम्ही बुटक्या पायरीच्या बसने फिरू लागलो. वेळ अधिक लागे. पण बसल्या बसल्या शहर दिसे.

नॅचरल हिस्ट्री म्युझियमच्या मुख्य दालनात छताखाली निळ्या देवमाशाचा 25.2 मीटर लांबीचा सांगाडा टांगलेला आहे. बाबा त्याच्यासमोर अर्धा तास बसून राहिले आणि मग एकाएकी बोलू लागले. ज्यांच्या आग्रहातून ही वास्तू उभी राहून 1881 मध्ये खुली झाली, त्या रिचर्ड ओवेन यांनीच 1855 मध्ये आपल्या वर्धा खोऱ्यातील मांगली येथे सापडलेल्या एका प्राचीन उभयचराच्या कवटीचे वर्णन केले होते. ती कवटी उजेडात आली नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांच्या शोधकार्यामुळे. आम्ही दोघे ऐकतच राहिलो. चार दिवस ज्यांना आम्ही हात धरून फिरवत होतो, तेच आता आम्हाला शहर दाखवत होते.

लंडन ब्रिजजवळच्या बरो मार्केटला आम्ही गर्दी होण्याआधी, सकाळीच गेलो. अळंब्यांचे ढीग पाहून बाबांना पावसाळ्यात आपल्या आठवडी बाजारात येणाऱ्या सात्या आणि वास्ते आठवले. पौंडांचे रुपये करत त्यांनी प्रत्येक दुकानी भाव विचारला आणि काहीही विकत न घेता ते अतिशय तृप्त होऊन परतले.

अशा भटकंतीचा आरोग्याशीही संबंध दिसतो. इंग्लंडमधील पन्नाशी ओलांडलेल्या 6,710 व्यक्तींचा सुमारे 14 वर्षे मागोवा घेणारा एक अभ्यास 2019 मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध झाला. संग्रहालये, कलादालने, नाटके यांना काही महिन्यांतून एकदा किंवा अधिक वेळा जाणाऱ्यांत मृत्यूचा धोका, कधीच न जाणाऱ्यांच्या तुलनेत, 31 टक्क्यांनी कमी आढळला. हे केवळ निरीक्षण आहे. कलेनेच आयुष्य वाढते असा दावा त्यावरून करता येत नाही. मात्र चालणे, माणसांत मिसळणे आणि कुतूहल जागे राहणे, या तिन्ही गोष्टी अशा दिवसात आपसूक घडतात.

निघण्यापूर्वी थोडी तयारी हवी. औषधे व डॉक्टरांची चिठ्ठी हातातील सामानात ठेवावी. लंडनचे घड्याळ उन्हाळ्यात आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असते. इन्सुलिन व गोळ्यांच्या वेळा डॉक्टरांकडून लिहून घ्याव्यात. विमानात अधूनमधून उठून चालावे, पोटऱ्या हलवाव्यात. आपल्या भागात सिकलसेलचे रुग्ण बरेच आहेत. त्यांनी विमानप्रवासापूर्वी वैद्यकीय सल्ला अवश्य घ्यावा. विमा काढताना जुने आजार लपवू नयेत. नवी पादत्राणे महिनाभर आधी वापरून पाहावीत. मधुमेहींनी रोज रात्री तळपाय तपासावेत आणि खिशात साखर बाळगावी.

परदेशी जाणे सर्वांनाच जमेल असे नाही, आणि त्याची गरजही नाही. नागपूरचे 1863 पासूनचे मध्यवर्ती संग्रहालय, म्हणजे आपला अजब बंगला, किंवा गावचा आठवडी बाजार, येथेही हाच नियम लागू पडतो. परतल्यावर बाबा दर आठवड्याला बाजारात जातात. पाण्याची बाटली त्यांच्या पिशवीत असते आणि ती रिकामी होऊन घरी येते.