तांदळावर बसलेली देवी

आईच्या देव्हाऱ्यातली अन्नपूर्णा अंगठ्याएवढी आहे. पितळेची, मांडी घालून बसलेली, दोन्ही हातांत आडवी पळी धरलेली. लग्नाच्या दिवशी गौरीहराशी बसून आईने जिच्यावर चिमूटचिमूट तांदूळ वाहिले, तीच ही. मराठी घरात बाकीचे देव सासरचे असतात; अन्नपूर्णा तेवढी मुलीबरोबर माहेराहून येते. ती वाटीतल्या तांदळावर बसते. दर शुक्रवारी आई ते तांदूळ बदलते आणि काढलेले त्याच दिवशीच्या भातात शिजवते. देवीखालचे तांदूळ साठवून ठेवायचे नाहीत, हा तिच्या आईकडून आलेला नियम. लहानपणी मला तो निव्वळ रीत वाटायचा. गेल्या मार्गशीर्षात काशीला अन्नपूर्णेच्या मंदिरात दोन दिवस काढले आणि त्या नियमाकडे मी वेगळ्या नजरेनं पाहायला लागले.

विश्वनाथाच्या देवळापासून अन्नपूर्णेचं देऊळ हाकेच्या अंतरावर आहे. गल्लीत बांगड्या, कुंकू, पितळी भांडी, पेढे, फुलांच्या टोपल्या. माणसांच्या रेट्यात आपण चालत नाही, वाहत जातो. दाराशी पोचेपर्यंत समोर एवढं मोठं देऊळ आहे याचा अंदाजही येत नाही. आत शिरलं की खांबांचा मंडप आणि त्याच्या पलीकडे गाभारा. आजच्या वास्तूचं श्रेय पहिल्या बाजीराव पेशव्यांना दिलं जातं, साल 1729 सांगितलं जातं. पुढे 1735 मध्ये त्यांच्या मातोश्री राधाबाई पुण्याहून काशीयात्रेला निघाल्या. त्या काळी ही यात्रा म्हणजे महिनोन्‌महिन्यांचं काम, आणि वाटेतली राज्यंही परकी. शेजारच्या विश्वनाथाचं देऊळ तर अहिल्याबाई होळकरांनी 1780 च्या सुमारास उभं केलं. या दोन देवळांमधल्या चिंचोळ्या वाटेवर उभं राहिलं की मराठी माणसाला परक्या गावी आल्यासारखं वाटत नाही.

पण वास्तू अठराव्या शतकातली असली तरी देवी त्याहून कितीतरी जुनी. स्कंदपुराणातल्या काशीखंडात तिचा वावर आहे. तिथली व्यासांची गोष्ट मला फार जवळची वाटते. व्यास शिष्यांसह काशीत राहत होते. एकदा दारोदार फिरूनही कुणी मूठभर भिक्षा घातली नाही. दुसऱ्या दिवशीही तेच. भुकेनं संतापलेले व्यास काशीलाच शाप द्यायला निघाले: इथे कुणाची विद्या, कुणाचं धन, कुणाचा मोक्ष तीन पिढ्या टिकणार नाही. तेवढ्यात एका घराच्या दारात एक गृहिणी आली आणि त्यांना जेवायला बोलावून घेऊन गेली. आधी पोटभर वाढलं आणि मगच विचारलं की तीर्थात राहणाऱ्यानं कसं वागावं. ती देवीच होती. शंकरानं मग व्यासांना काशीबाहेर काढलं. ते गंगेपलीकडे राहिले, म्हणून रामनगरच्या बाजूला व्यासकाशी म्हणतात. वेदांची विभागणी करणारा, महाभारत रचणारा ऋषीसुद्धा दोन दिवस उपाशी राहिला की शापापर्यंत येतो, आणि या देवीला ते ठाऊक आहे. उपदेशाआधी ती पान वाढते.

दुसरी गोष्ट सर्वांना माहीत असते. शंकर पार्वतीला म्हणाला, हे सगळं जग माया आहे, अन्नसुद्धा. पार्वती अंतर्धान पावली. शेतं सुकली, चुली विझल्या, प्राणिमात्र व्याकूळ झाले. मग काशीत ती अन्न वाटायला बसली आणि कपालपात्र पुढे करून शंकर तिच्यासमोर उभा राहिला. अन्नाला माया म्हणणाऱ्याला ती पळी रिकामी दाखवू शकली असती. तिनं पात्र भरलं. मंदिराच्या वरच्या मजल्यावर हाच प्रसंग मांडलेला आहे: मधे सोन्याची अन्नपूर्णा, एका बाजूला लक्ष्मी, दुसऱ्या बाजूला भूदेवी आणि समोर हात पसरलेला चांदीचा शिव. या सुवर्णमूर्तीचं दर्शन वर्षातून मोजके दिवसच, धनत्रयोदशीपासून अन्नकुटापर्यंत. त्या दिवसांत रांगेतल्या भक्तांना ‘खजाना’ मिळतो, म्हणजे एक नाणं आणि भाताच्या लाह्या. नाणं लोक तिजोरीत ठेवतात. एरवी खाली गाभाऱ्यात रोजची मूर्ती आहे, पितळेची. मी तीच पाहिली, आणि सोन्याची पाहायला मिळाली नाही याची रुखरुख अजिबात वाटली नाही. आमची घरचीही पितळेचीच.

मी मुद्दाम मार्गशीर्षात गेले होते ते महाव्रताच्या सांगतेसाठी. हे व्रत सतरा दिवसांचं. उत्तरेच्या पंचांगात ते मार्गशीर्ष कृष्ण पंचमीला सुरू होतं. आपला महिना अमावास्येला संपत असल्यामुळे आपल्याकडे ती कार्तिक वद्य पंचमी. व्रत धरणारे हाताला सतरा गाठींचा दोरा बांधतात आणि एक वेळ अळणी खाऊन राहतात. अन्नाच्या देवीसाठी मीठ सोडायचं, यात मला मोठा अर्थ दिसतो. अन्नाची किंमत कळायला त्याची चव काही दिवस बाजूला ठेवावी लागते. सांगता शुद्ध षष्ठीला. ती आपली चंपाषष्ठी. आमचं कुलदैवत खंडोबा, त्यामुळे त्या दिवशी घरी वांग्याचं भरीत आणि बाजरीची भाकरी असते. आईला एकटीला नैवेद्य करायला लावून मी काशीला आले होते, आणि इथेही त्याच तिथीला देवीपुढे नवं धान्य येत होतं.

त्या दिवशीचं देऊळ जन्मभर लक्षात राहील. गाभारा, खांब, कमानी, सारं भाताच्या लोंब्यांनी मढवलेलं. झेंडू होता, पण नजर ठरत होती ती पिकल्या भाताच्या पिवळ्या रंगावर. मंडपात शिरताच खळ्यावर येतो तसा वास आला, पेंढ्याचा आणि उन्हाचा. या लोंब्या पूर्वांचलातले शेतकरी आणतात, पहिल्या कापणीतल्या. देवीला वाहिल्याशिवाय नवा भात घरात खायचा नाही अशी अनेकांची रीत आहे. दुसऱ्या दिवशी आरास उतरवतात आणि त्याच लोंब्या प्रसाद म्हणून वाटतात.

रांगेत माझ्यापुढे चंदौलीचे एक म्हातारे शेतकरी होते. चंदौली म्हणजे उत्तर प्रदेशातलं भाताचं कोठार. मी विचारलं, “बाबा, या लोंब्यांचं घरी नेऊन काय करता?” त्यांनी उपरण्याच्या टोकाला बांधलेली जुडी उलगडून दाखवली. म्हणाले, “बीज में मिला देते हैं, बिटिया. घर में रखकर क्या होगा?” पुढच्या पेरणीच्या बियाण्यात हे दाणे मिसळायचे, त्या पिकाच्या पहिल्या लोंब्या पुन्हा इथे आणायच्या. म्हणजे या देवळात दरवर्षी येणारं धान्य आधीच्या प्रसादाचं वंशज असतं. मला आईची वाटी आठवली. काशी काय, आमचा देव्हारा काय, धान्य देवीपाशी घडीभर टेकतं आणि पुढे जातं.

दुपारी अन्नक्षेत्रात जेवले. मंदिराच्या वतीनं रोज येईल त्याला मोफत जेवण मिळतं. पंगतीत डावीकडे दक्षिणेतून आलेलं कुटुंब, उजवीकडे एक साधू, समोर शाळेच्या गणवेशातली दोन मुलं. भात, वरण, भाजी. वाढणाऱ्याची चाल बघत राहावी अशी होती: वाकायचं, वाढायचं, पानाकडे बघून पुढे सरकायचं, चेहऱ्याकडे बघायचं नाही. घेणाऱ्याला ओशाळं वाटू नये याची ही शिस्त असावी. साधूनं चौथ्यांदा भात मागितला आणि त्याच सहजपणे तो वाढला गेला. प्रत्यक्ष शिवाला जिथे हात पसरावा लागला, तिथे मागण्यात लाज कसली?

याच काशीतून गेलेली आणखी एक अन्नपूर्णा आहे, तिच्याविषयी लिहिलं पाहिजे. दगडाची, जेमतेम वीतभर उंचीची, अठराव्या शतकातली. 1913 च्या सुमारास नॉर्मन मॅकेन्झी नावाचे कॅनडाचे संग्राहक इथे आले, आणि त्यांच्यासाठी ती नदीकाठच्या देवळीतून चोरली गेली. त्यांच्या मृत्युपत्रानं 1936 मध्ये ती रेजायना विद्यापीठाच्या संग्रहात पोचली आणि तिथे विष्णू म्हणून नोंदली गेली. 2019 मध्ये दिव्या मेहरा या महिला कलाकाराला तो विष्णू वाटला नाही, ही स्त्रीमूर्ती आहे हे तिनं हेरलं. तज्ज्ञांनी पाहिलं तर एका हातात खिरीचं पात्र, दुसऱ्यात पळी. इतकी वर्षं तिच्या हातातली पळी कुणाला दिसली नव्हती. आपल्याकडच्या कुठल्याही आजीनं ती मूर्ती दारातूनच ओळखली असती. 15 नोव्हेंबर 2021 रोजी, कार्तिकी एकादशीला, विश्वनाथ धामात तिची पुन्हा स्थापना झाली. मी तिचंही दर्शन घेतलं. शंभराहून अधिक वर्षं जिला कुणी अन्नाचा दाणा दाखवला नाही, तिच्यापुढे नैवेद्य पाहून माझे डोळे भरून आले.

घरी परतले ती गंगेचा गडू आणि लोंब्यांची जुडी घेऊन. काशीहून आल्यावर मावंदं घालायचं असतं. आईनं आधीच पुरणाचा बेत ठरवून शेजारपाजारच्यांना बोलावणी केली होती. मी जुडी देवीखाली ठेवायला गेले तर तिनं हात धरला. “तिथे नको. ते बियाणं आहे.” तिनं ती दाराच्या चौकटीला बांधली आणि ज्येष्ठापर्यंत तिथेच राहू दिली. वळवाचा पहिला पाऊस पडला तेव्हा ती सोडून माझ्या हातात दिली आणि भोरला मामाकडे पाठवलं. मामानं राब आधीच भाजून ठेवला होता. त्यानं लोंब्या तळहातावर चोळल्या, फुंकर मारली आणि दाणे आंबेमोहोराच्या बियाण्यात मिसळले.

याच शेताच्या तांदळावर बसून आईची अन्नपूर्णा सासरी आली होती.