परमुलखातला शेजारी आणि त्याचा कॅमेरा
(ऊस विकास विभागाकडून)



या पानावर आम्ही एरवी लागणीची तारीख, खताचा हप्ता, खोडव्याची निगा यांविषयी लिहितो. या खेपेस विषय जरा आडवळणाचा आहे. जपानात जाऊन राहिलेल्या परक्या माणसांनी तिथल्या साध्या लोकांचे रोजचे जगणे कॅमेऱ्यात कसे धरले, हे सांगायचे आहे. उसाशी याचा काय संबंध, असे कोणी म्हणेल. पण यात भातलावणी आहे, भिशी आहे, खताचा कारखाना आहे आणि भागधारकांची सर्वसाधारण सभासुद्धा आहे. तेव्हा शेवटपर्यंत वाचावे, ही विनंती.

गिऱ्हाइकाच्या आवडीचा जपान

दोनशेहून अधिक वर्षे जपानने परदेशी माणसाला आपले दार जवळजवळ बंदच ठेवले होते. १८५९ साली योकोहामा बंदर उघडले आणि १८६३ मध्ये फेलिचे बेआतो नावाचा फोटोग्राफर तिथे येऊन स्थायिक झाला. १८८४ पर्यंत, म्हणजे एकवीस वर्षे, तो तिथे राहिला. त्या काळी परदेशी माणसास बंदरापासून दहा री, म्हणजे सुमारे चाळीस किलोमीटर, एवढीच हद्द मोकळी होती. त्यापलीकडे जायचे तर परवानगी लागे.

बेआतोने रस्ते, देवळे, गावे यांची चित्रे घेतली. पण त्याच्याकडे माणसांची म्हणून जी चित्रे विकली जात, त्यांतली पुष्कळशी स्टुडिओत मांडून घेतलेली होती. माणसाला सोंग दिल्यासारखे उभे करायचे, हातात छत्री नाहीतर पंखा द्यायचा, आणि मागाहून जपानी कारागिरांकडून चित्रावर हाताने रंग भरून घ्यायचे. बोटीने आलेले परदेशी लोक असले आल्बम आठवण म्हणून घरी नेत. त्यात बेआतोचा दोष काढण्यात अर्थ नाही. त्या काळचा कॅमेरा जड, काचेचे तुकडे सांभाळायचे, आणि समोरच्याने काही सेकंद हालायचे नाही. शिवाय पैसे देणारा गिऱ्हाईक, त्याला हवे ते दाखवले. पण ज्याचा फोटो, त्याला काय दाखवायचे आहे, हे विचारण्याची सोयच त्या धंद्यात नव्हती.

सुये गावातले वर्ष

आता पुढची गोष्ट बघा. जपानच्या दक्षिणेस क्युशू नावाचे मोठे बेट आहे. त्यातल्या कुमामोतो प्रांतात सुये नावाचे, तीनशेपेक्षा कमी घरांचे भातकऱ्यांचे गाव होते. १९३५ साली जॉन एम्ब्री हा अमेरिकन अभ्यासक, त्याची पत्नी एला आणि त्यांची लहान मुलगी असे कुटुंब तिथे घर भाड्याने घेऊन राहिले. सुमारे वर्षभर राहिले. एलाचे बालपण जपानातच गेलेले असल्याने तिला भाषा चांगली येत होती, म्हणून बायकांच्या गप्पांत तिला सहज जागा मिळाली. पुरुषमंडळी अभ्यासकाशी जे बोलली नसती, ते त्यांच्या बायकांनी एलाला सांगितले. तिच्या त्या टिपणांवरचे पुस्तक पुढे १९८२ साली निघाले. जॉनचे पुस्तक १९३९ चे.

वर्षभर राहिल्याने त्यांना काय मिळाले? शेतकऱ्याचे सगळे चक्र मिळाले. जूनमधली भातलावणी, रेशमाच्या किड्यांची निगा, मुलांची शाळा, लग्नकार्य, मर्तिक. लावणीला आज तुझ्या रानात, उद्या माझ्या रानात, असा पैरा तिथेही होता. पूल वाहून गेला तर वाडीने मिळून बांधायचा. आणि 'को' नावाची मंडळी असे. ती म्हणजे आपली भिशीच. ठरलेल्या मुदतीने पैसे जमवायचे आणि एकेकाने उचलायचे. अडलेल्या माणसाला उभे करण्यासाठीसुद्धा अशी भिशी सुरू होई. या गोष्टी येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसत नाहीत. पैरा एका दिवसात कळत नाही. त्याची परतफेड पाहायला थांबावे लागते.

खताचा कारखाना आणि कोळ्यांची वस्ती

याच कुमामोतो प्रांतात समुद्राकाठी मिनामाता हे गाव आहे. तिथे चिस्सो कंपनीचा कारखाना. चिस्सो म्हणजे जपानी भाषेत नत्र. १९०८ साली सुरू झालेला हा कारखाना नत्रखतावर वाढला, आणि गाव त्याच्यावर वाढले. १९३२ पासून १९६८ पर्यंत तिथे ॲसिटाल्डिहाइड हे रसायन केले जात होते. त्यासाठी पारा वापरीत. त्यातून तयार होणारा मिथाइल पारा सांडपाण्यावाटे समुद्रात गेला, माशांत आणि शिंपल्यांत साठला, आणि मासे खाणाऱ्यांच्या मेंदूत गेला. आधी मांजरे झटके येऊन वेडीवाकडी नाचू लागली. मग माणसांची पाळी आली. १ मे १९५६ रोजी कारखान्याच्याच दवाखान्यातील डॉक्टर होसोकावा यांच्याकडून या रोगाची पहिली सरकारी नोंद झाली. सरकारने कारण मान्य केले ते १९६८ च्या सप्टेंबरात, म्हणजे ते उत्पादन बंद झाल्यावर.

मधली बारा वर्षे काय झाले, ते सांगायला जड जाते. गावात ज्याच्या घरी पगार येई तो कारखान्याचा. आजारी पडला तो कोळी. तेव्हा आजारी माणसाच्या घरी जाणे-येणे लोकांनी तोडले. १९७० च्या नोव्हेंबरात रोग्यांनी आणि त्यांच्या घरच्यांनी एक तोड काढली. प्रत्येकाने कंपनीचा एकेक शेअर घेतला आणि पांढरे यात्रेकरूंचे कपडे घालून ते ओसाकाच्या सर्वसाधारण सभेत शिरले. भागधारक या नात्याने त्यांना सभेत बसण्याचा हक्क होता. आपल्या सहकारात प्रत्येक सभासदास एक मत असते. कंपनीत मत शेअरांच्या संख्येवर. एका शेअरने ठराव फिरणार नव्हताच. पण अध्यक्षांच्या समोर उभे राहता आले.

तीन महिन्यांचे तीन वर्षे झाले

पुढच्याच वर्षी, सप्टेंबर १९७१ मध्ये, युजीन स्मिथ हा अमेरिकन फोटोग्राफर आणि त्याची पत्नी आयलीन मिनामातात राहायला आले. आयलीन टोकियोत जन्मलेली, तिची आई जपानी. युजीन १९४५ साली ओकिनावाच्या लढाईचे फोटो घेताना तोफगोळ्याच्या तुकड्याने जबर जखमी झालेला माणूस. म्हणजे जपानशी पहिली ओळख युद्धाची. इथे मात्र त्याने या रोगाने ग्रासलेल्या एका कुटुंबाकडून घर भाड्याने घेतले. तीन महिने राहायचे म्हणून आलेले हे जोडपे तीन वर्षे राहिले.

जपानी फोटोग्राफर तिथे आधीपासून काम करीत होते. शिसेइ कुवाबारा हे तर १९६० पासून. तेव्हा परक्याने येऊन सगळे शोधून काढले, असे कोणी समजू नये. परक्याचा एक फायदा मात्र होता. त्याचा भाऊ-मेहुणा कारखान्यात कामाला नव्हता. त्याला गावाची भीड नव्हती. तोटा असा, की युजीनला भाषा येत नव्हती. बोलणे आयलीनमार्फत व्हायचे, आणि फोटो तीही घेत होती. त्यांच्या चित्रांत समुद्रावर जाणारे कोळी आहेत, वाकडी झालेली बोटे आहेत, सांडपाण्याची मोरी आहे, कोर्टाच्या दारातली गर्दी आहे. जानेवारी १९७२ मध्ये चिबा प्रांतातल्या कंपनीच्या दुसऱ्या कारखान्यात कामगारांनी युजीनला बेदम मारले, त्याने त्याची दृष्टी अधू झाली. तरी तो गेला नाही. २ जून १९७२ च्या 'लाइफ' साप्ताहिकात चित्रे छापून आली. २० मार्च १९७३ रोजी कुमामोतोच्या कोर्टाने कंपनीला दोषी धरले. चित्रांमुळे निकाल लागला, असे आम्ही म्हणणार नाही. निकाल रोग्यांनी लढून मिळवला. पण जगाला मिनामाता माहीत झाले त्यात त्या चित्रांचा वाटा मोठा.

एका आंघोळीचे चित्र

त्यांतले एक चित्र सर्वांत गाजले. डिसेंबर १९७१ मधले. जपानी घरात आधी अंग धुऊन मग ऊन पाण्याच्या खोल टाकीत बसण्याची रीत आहे. तशा टाकीत एक आई आपल्या मोठ्या मुलीला हातांवर धरून बसली आहे. मुलीला पोटात असतानाच पाऱ्याची बाधा झालेली. बोलणे नाही, हात-पाय ताठ. आई त्या मुलीला घरचे धन म्हणत असे. पोटातले विष हिने स्वतःवर घेतले म्हणून मागची भावंडे निरोगी जन्मली, अशी तिची भावना. चित्रात आई लेकीकडे बघते आहे. रोज होणारी आंघोळ, एवढेच त्यात आहे. ते घरच्यांच्या संमतीने घेतलेले होते.

पुढे काय झाले ते महत्त्वाचे. चित्र जगभर छापले गेले. इकडे गावात लोक कुजबुजू लागले, की यांना फोटोचे पैसे मिळतात. घरच्यांना त्याचा फार त्रास झाला. १९७७ साली मुलगी एकविसाव्या वर्षी वारली. १९७८ मध्ये युजीनही गेला. वीस वर्षांनी आईवडिलांच्या मनात आले, की आता पोरीला विसावा मिळू द्यावा. १९९८ साली आयलीन त्यांना भेटली आणि ते चित्र कुठे वापरायचे की नाही, हे ठरवण्याचा हक्क तिने आईवडिलांच्या हवाली केला. नव्याने छापायला ते द्यायचे नाही, असे तेव्हा ठरले. काहींना ते पटले नाही. एवढे मोठे काम केलेले चित्र झाकून का ठेवायचे, असे ते विचारीत. प्रश्न रास्त आहे. तरीही आमचे मत आयलीनच्या बाजूने पडते. तीन वर्षे ज्यांच्या शेजारी राहिलो, त्यांचे शेजारपण फोटो निघाला म्हणून संपत नाही.

आपल्यापुरते

आता आपल्याकडचे बोलू. कॅमेरा आज प्रत्येकाच्या खिशात आहे. हंगाम सुरू झाला की मराठवाड्यातून तोडणी मजुरांच्या टोळ्या येतात, फडाच्या कडेला कोप्या पडतात. उघड्यावर न्हाऊ घातलेले पोर, चुलीपुढची बाई, यांचे फोटो कोणीही जाता-जाता काढतो आणि मोबाइलवरून गावभर फिरवतो. तिथे आपण यजमान आणि ते परमुलखातले, एवढाच फरक. सभासदांना विनंती आहे, की आधी नाव विचारावे, मग फोटो विचारावा, आणि नको म्हटले तर मोबाइल खिशात ठेवावा. काढलाच, तर एक प्रत त्यांना द्यावी. आमच्या या अंकात आजवर हार-तुऱ्यांचे आणि मोळीपूजनाचेच फोटो जास्त आले. कोपीतल्या माणसाचा फोटो त्याच्या संमतीने, त्याच्या नावासह आला, तर तो छापण्याची शिफारस आमचा विभाग जरूर करील.

दुसरी गोष्ट सांडपाण्याची. साखरेच्या कारखान्यात पाऱ्याचे काम नसते, तेव्हा घाबरण्याचे कारण नाही. पण ओढ्याचे पाणी काळे पडले, मासे वर आले, तर ते आधी कळते काठच्या शेतकऱ्याला. त्याने तारीख घालून फोटो काढावा आणि शेती गटाच्या कचेरीत आणून द्यावा. आपण सभासद आहात, सभेत विचारण्याचा हक्क आपला आहे. मिनामाताच्या कोळ्यांना तो हक्क एकेक शेअर विकत घेऊन मिळवावा लागला होता.

पुढील अंकी पाचट कुजवण्याच्या विषयाकडे पुन्हा वळू.