करवंदं खा, पण बिया फेकू नका! परसबागेला करा काटेरी, सदाहरित कुंपण

परसात चार वांगी, दोन मिरच्या लावल्या की शेळ्या हजर. तारेचं कुंपण करायचं तर खांब, तार, मजुरी सगळाच खर्च. त्यात उन्हाळ्यात प्यायला टँकर, मग झाडांना पाणी आणायचं कुठून? यावर जुना आणि स्वस्त उपाय आपल्या डोंगरातच आहे, तो म्हणजे करवंद.

करवंदीची जाळी बारमाही हिरवी राहते. पान जाड, चकचकीत. काटे टोकदार आणि बरेचदा जोडीनं येणारे. मुरमाड, खडकाळ जमिनीतही ती तग धरते. एकदा मुळं खोल गेली की वेगळं पाणी द्यावं लागत नाही.

रोपं कशी करायची?

फांद्या लावून करवंद सहजासहजी जगत नाही, त्यामुळे बियांपासूनच रोपं करा. मे-जूनमध्ये पूर्ण पिकलेली काळी करवंदं घ्या. गर खाऊन बिया धुवा, सावलीत सुकवा आणि दोन-चार दिवसांतच पेरा. बी साठवून ठेवलं तर उगवण कमी होते, पुढच्या वर्षासाठी ठेवू नका.

दुधाच्या रिकाम्या पिशव्या चालतात. खाली भोकं पाडा, माती आणि कुजलेलं शेणखत भरा, प्रत्येक पिशवीत दोन बिया अर्धा इंच खोल टाका. साधारण तीन-चार आठवड्यांत कोंब दिसतात. वाढ सावकाश असते. म्हणून रोप वर्षभर पिशवीतच सांभाळायचं आणि पुढच्या पावसाळ्याच्या सुरुवातीला जमिनीत लावायचं.

लागवड अशी करा

- आपल्या हद्दीच्या दोन-तीन फूट आत लावा. जाळी पसरते, उद्या शेजाऱ्याशी वाद नको.
- एक फूट खोल-रुंद खड्डा, त्यात माती आणि शेणखत.
- दोन रोपांत दोन फूट अंतर. म्हणजे 100 फूट हद्दीला साधारण 50 रोपं. मर होते, म्हणून दहा रोपं जास्तीची ठेवा.
- पाणी साचतं अशी जागा टाळा.

पहिली दोन वर्षं महत्त्वाची

"करवंदाला पाणी लागत नाही" असं म्हणून लोक लावतात आणि सोडून देतात. पहिल्याच उन्हाळ्यात रोपं जळतात. पहिले दोन उन्हाळे आठ-दहा दिवसांनी रोपाला तांब्या-दोन तांबे पाणी द्या. बुंध्याशी पाचट किंवा पालापाचोळा अंथरा, ओल टिकते. कोवळं रोप जनावरं खातात, म्हणून भोवती बाभळीच्या काट्या लावा.

रोप दीड फुटाचं झालं की शेंडा खुडा. शेंडा खुडला नाही तर झाड वर जातं आणि खाली फट राहते. खुडला की बुडापासून फांद्या फुटतात. नंतर दरवर्षी फळं काढून झाल्यावर हलकी छाटणी करा. चीक निघतो, तो डोळ्यात जाऊ देऊ नका.

लावल्यापासून तीन-चार वर्षांत जाळी दाट होते. गुरं, शेळ्या अडतात. रानडुकराला मात्र ती पूर्ण अडवेल असं समजू नका, ते खालच्या फटीतून घुसतं.

फळांचाही फायदा

कच्च्या करवंदांचं लोणचं, चटणी होते. पिकलेली बाजारात विकता येतात. केकवर, पानात लाल 'चेरी' असते ना? ती बरेचदा साखरेत मुरवलेलं करवंदच असतं! फळांसाठीच लागवड करायची असेल तर दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाची 'कोकण बोल्ड' ही मोठ्या फळाची जात आहे. त्यासाठी अंतर मात्र जास्त ठेवावं लागतं.

रोपं काढून आणायला डोंगरातल्या जाळ्या उपटू नका. मोठं झुडूप उपटून आणलं तर बहुतेक वेळा जगत नाही, आणि डोंगरही उघडा पडतो. मूठभर बिया पुरेशा आहेत.